एक शेड उजळ

शाळेतून आलं की लेक आधी दप्तर टाकायची, मग हात धुवायची आणि मग माझं दुकान मांडायची. साखर मोजायचं यंत्र, पट्ट्यांची डबी, टोचायची सुई, इन्सुलिनचं पेन, वही आणि जाड काळं मार्कर. सगळं खिडकीजवळच्या टेबलावर एका रांगेत. तिला नुकतं सातवं लागलं होतं. वरचे पुढचे दोन्ही दात पडले होते, म्हणून तिचा बाबा तिला बोळके म्हणायचा, आणि त्याचं ऐकून मीही.

"काल कुठलं बोट होतं?"

"मधलं."

"मग आज त्याच्या शेजारच्याचा नंबर. कधीपासून रांगेत उभं आहे बिचारं."

बोट मी टोचायचे. पट्टी थेंबाला लावायचं काम तिचं, कारण मी लावायला गेले की थेंब एकीकडे आणि पट्टी भलतीकडे. यंत्र पाच सेकंद घेतं. ती पाच मोजायची आणि मग आकडे एकेक करून सांगायची. शंभराच्या वरचे आकडे तिला अजून सलग वाचता येत नव्हते.

"एक. सात. दोन."

"एकशे बहात्तर. वा."

पहिला आकडा सांगण्याआधी ती किंचित थांबायची. मला वाटायचं, पोर किती जपून वाचते.

भिंतीवर तक्ता होता, तो मला पाठ होता. इतक्या साखरेला इतकी युनिटं. पेनचं चाक फिरवलं की प्रत्येक युनिटला कट् असा आवाज होतो, तो मी कानाने मोजायचे. दोनदा कट्, पोटाला सुई, झालं. मग मार्करने वहीत बोटभर उंचीचे आकडे काढायचे. लेक शेजारून बघायची.

"आई, तुझं अक्षर पहिलीतल्या पोरांसारखं आहे."

"बोटं दुखतात गं."

बोटं दुखत होतीच. पण आकडे मोठे काढायचं कारण बोटं नव्हती.

लेक आठ महिन्यांची होती तेव्हा माझे सांधे सुजायला लागले. मग गालांवर लाल चट्टे आले, मग मूत्रपिंडांनी कुरकुर सुरू केली. शरीर स्वतःलाच परकं समजून स्वतःशी लढतं, असा तो आजार. तो बरा होत नाही, त्याला गप्प बसवून ठेवायचं असतं, आणि गप्प बसवायला स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनीच मला अंथरुणातून उठवलं, त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यांनी माझं तोंड वाटोळं केलं, रक्तात साखर आणून ठेवली, आणि सहा वर्षांत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझी तिशी उलटायच्या आत. डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूजही आली. त्या डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसते आणि माणसाचं तोंड मधोमध पुसल्यासारखं.

डोळ्यांचे डॉक्टर स्पष्ट बोलणारे. डाव्याची फारशी आशा नाही, म्हणाले. उजव्याचं ऑपरेशन करू, पण साखर ताब्यात हवी. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, आठच्या खाली आणा, मगच हात लावतो. नाहीतर उजव्याचाही डावा होईल.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. त्याच्या पंधरा दिवस आधी रक्त तपासायचं ठरलं होतं. आमच्या घरात त्या महिन्यांत दुसरा विषय नव्हता. तिचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. सकाळी बूट चढवता चढवता तो माझी उपाशीपोटीची साखर मोजायचा आणि वहीत आपल्या मुंगीसारख्या अक्षरात लिहायचा. गोळ्यांचा खरा तडाखा दुपारी बसतो, त्यामुळे दुपारचा आकडा महत्त्वाचा. तेव्हा तो कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर, तेलात हात घालून.

"दुपारचं जमतं ना तुझं तुला?"

"जमतं की."

"दिसतो ना आकडा?"

"एवढा मोठा असतो तो. आंधळ्यालाही दिसेल."

हा विनोद मी तीन वेळा केला होता. मोतीबिंदू आहे हे त्याला माहीत होतं. किती आहे, हे मला आणि लेकीला. डब्यांची झाकणं उलटी लागायची, आमटीत मीठ दोनदा पडायचं, कप टेबलाच्या कडेला न टेकता खाली जायचा, आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, बोटं दुखतात. जुन्या दुखण्याचा एवढा एक उपयोग होता, त्याच्या पांघरुणाखाली नवं दुखणं झाकून टाकता येत होतं.

सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक होतं. तो लेकीला शाळेतून आणायला कोणाला तरी ठेवेल, माझं काम बंद करेल, मला उशी लावून खिडकीत बसवेल. सगळं प्रेमाने. आणि सात वर्षांत मी आई म्हणून काय केलं होतं? तिच्याबरोबर कधी पळले नाही. तिला झोक्यावर उंच ढकललं नाही. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी दवाखान्यात सलाइन लावून पडले होते. शाळेपासून घरापर्यंतची दहा मिनिटं तेवढी माझी होती. ती मी हातची सोडणार नव्हते.

त्या दहा मिनिटांत एक रस्ता लागायचा.

माझं काम दातांचं. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात आणि आमच्याकडे त्यांवर कॅपा आणि कवळ्या बनतात. दोन खोल्या, एक भट्टी, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. आमचे मुख्य म्हणजे कवळीकाका. हे नाव लेकीने ठेवलं. ते स्वतःची कवळी काढून टेबलावर ठेवतात आणि मग कामाला लागतात. कोणी बघितलं तर म्हणतात, "जाहिरात आहे."

मी रंगाचं काम करायचे. दात पांढरे असतात असं लोकांना वाटतं. खऱ्या दातात पिवळा असतो, राखी असतो, टोकाला जरासा निळसर. आमच्याकडे नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते, उजळापासून काळपटापर्यंत शेडचे नंबर घातलेली. डॉक्टर पेशंटच्या तोंडाशी तशीच पट्टी धरतात आणि चिठ्ठीवर नंबर लिहून पाठवतात. गेल्या वर्षी एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून लेक माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. एका आजींच्या पुढच्या सहा दातांचं काम होतं. तिने चिठ्ठी वाचली, मग माझ्या हातातली बाटली वाचली.

"आई, यात ए-थ्री लिहिलंय. तू ए-टू घेतलंस."

"मुद्दामच."

"का?"

"आहे तसाच दात दिला ना, तर माणूस आरशात बघतं आणि म्हणतं, अगंबाई, एवढा पिवळा? मग ते हसतच नाही. एक शेड उजळ द्यायचा. म्हणजे आरसा बघितला की हसू येतं."

"पण मग ते खोटं झालं ना?"

पलीकडून काका बोलले. दातांशिवाय त्यांचं बोलणं नुसतं हवेचं. "खोटे दातच आहेत ते, पोरी. त्यात अजून किती खोटं करणार? हिला मी शिकवलंय. सहाच्या सहा एक शेड उजळ. आजी हसली की आपलं काम झालं."

लेक स्टुलावरून उतरली, नमुन्याच्या पट्टीवर तीनवर बोट ठेवून ते दोनवर सरकवलं, आणि "हसली," म्हणाली. काका खूप हसले. मीही.

पुढे सहा-सात महिन्यांत ए-टू आणि ए-थ्री मला सारखेच दिसायला लागले. काकांना म्हटलं, बोटं दुखतात, बारीक काम होत नाही. त्यांनी काही न विचारता मला प्लास्टर ओतायच्या टेबलावर बसवलं. ते काम हातालाच कळतं.

आता तो दिवस. ज्या दिवशी मी लेकीला नको ते बोलले तो. यंत्र लेकीने वाचायला लागून आठवडाही झाला नव्हता. तिने पाच मोजले आणि म्हणाली, "तीन. एक. चार."

तीनशे चौदा. डॉक्टरांचं वाक्य कानात होतं, डोकं दुखत होतं, आणि मी टेबलावर कपाळ टेकवून रडले. लेकीसमोर. तिने विचारलं, "तीन वाईट असतं का?" आणि मी मान वर न करता म्हटलं, "असंच राहिलं तर तुझं तोंड दिसायचं बंद होईल मला."

सात वर्षांच्या मुलीला. तिने वापरलेली पट्टी उचलून कचऱ्यात टाकली, माझ्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला, आणि माझ्या केसांवरून एकदा हात फिरवला, जसा मी तिच्या फिरवते तसा. दुसऱ्या दिवशी आकडा आला: एक. नऊ. शून्य. मी हसून तिचा पापा घेतला. तेव्हापासून आमचे आकडे सुधारले.

रक्ताचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. साखरेच्या दवाखान्यातल्या नर्सना सगळे साखरताई म्हणतात, त्यांचं बोलणं मात्र नावाच्या उलट. त्यांनी वहीची पानं उलटली. पानांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"वही तर साध्वीची आहे हो. तीन महिन्यांत दुपारची साखर दोनशेच्या वर जेमतेम चार वेळा."

"खूप जपते ती," तो म्हणाला. अभिमानाने म्हणाला.

"रक्त सरासरी दहा पॉइंट दोन सांगतंय."

वही टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

"यंत्र आणलंय का? द्या इकडे."

यंत्रात जुने आकडे साठून राहतात हे मला माहीतही नव्हतं. त्या बटण दाबत गेल्या, एकीकडे वहीवर बोट. "परवा दुपारी. वहीत एकशे सदुसष्ट, यंत्रात दोनशे सदुसष्ट. त्याच्या आदल्या दिवशी वहीत एकशे ब्याण्णव, यंत्रात दोनशे ब्याण्णव. ही बघा अजून एक." बटणाची टिकटिक. "सकाळचे सगळे जुळतात. दुपारचे बहुतेक सगळे शंभराने कमी. चुकून चुकतं ते इकडेतिकडे चुकतं. हे असं नेमाने नाही चुकत. दुपारचं कोण लिहितं?"

माझ्या कानात ते थांबणं आलं. पाच मोजून झाल्यावर, पहिल्या आकड्याच्या आधीचं, किंचितसं. मला ते सगळं एका क्षणात कळलं.

"मी," मी म्हटलं.

"मग?"

तो माझ्याकडे वळला. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, त्याच्या खुर्चीचा आवाज आला.

"मीच कमी लिहायचे. तारीख जायला नको म्हणून."

"वही कशी लिहायची ते तुमच्या हातात आहे," साखरताई म्हणाल्या, "डोळ्याला मात्र जे आहे तेच पोचतं. कमी आकड्यावर कमी इन्सुलिन घेतलंत ना तीन महिने? त्याने नुकसान कोणाचं झालं?" मग जरा मऊ होऊन, "तारीख रद्द करावी लागेल. तीन महिन्यांनी परत बघू."

बाहेर लांबलचक बोळ होती. तो माझ्या शेजारून चालत होता, नेहमीसारखा कोपराला न धरता.

"गोळ्या मी मोजतो," तो म्हणाला. "सकाळची साखर मी बघतो. रजा मी टाकतो. तुला एक आकडा खरा लिहायचा होता."

"हो."

"मला तरी सांगायचंस."

"हो."

"नुसतं हो काय?" त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला कामावर जायला हवं. जाशील ना घरी नीट?"

"जाईन की."

तो गेला. त्या बोळीत भिंतीला हात लावून उभी असताना मी स्वतःला सांगितलं की लेकीला वाचवलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. तिचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: ती का वाचत होती? त्या प्रश्नाला घाबरून मी तिच्या मागे लपले होते, आणि वर तिला पाठीशी घातलं असं म्हणत होते.

शाळेच्या फाटकाशी मी उभी राहिले. मी तिला शोधत नाही, तीच मला शोधते. हात हातात आला. रस्त्याच्या कडेला आल्यावर ती नेहमीसारखी म्हणाली, "थांब. एक मोठी गाडी. अजून थांब. आता." आणि आम्ही ओलांडलं.

घरी तिने दुकान मांडलं. बोट टोचलं, थेंब लागला, पाच मोजून झाले. ती थांबली.

"बोळके, आज आहे तोच सांग."

"तोच सांगते मी."

"साखरताईंनी आज यंत्र बघितलं. ते जुने आकडे सगळे लक्षात ठेवतं."

"कधीपासूनचे?"

"सगळेच."

खुर्ची कुरकुरली. तिचे पाय खुर्चीच्या दांडीवर आपटत होते, ते थांबले.

"मी खोटं नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी एक शेड उजळ सांगितलं."

मी हातातलं मार्कर टेबलावर ठेवलं.

"फक्त पहिला आकडा. बाकीचे खरेच सांगायचे. तीन असला तर दोन आणि दोन असला तर एक. एक असला की मी काहीच नाही करायचे, कारण मग शून्य होईल आणि शून्य साखर झाली की माणूस मरतं. ते मला बाबाने सांगितलंय." तिचा आवाज अगदी हिशेबी होता, काम समजावून सांगणाऱ्या माणसाचा. "तू रडायची बंद झालीस ना मग. वा म्हणायचीस."

काकांनी मला शिकवलं, मी तिला शिकवलं, आणि तिने ते तिच्याजवळ असलेल्या एकुलत्या एका आजारी माणसावर वापरलं. किती काळजीने. शून्य होऊ नये एवढं बघून. मी तिला पुढे ओढून घेतलं. तिच्या डोक्याला खडूचा आणि घामाचा वास येत होता. तिच्यावर रागवायला माझ्याकडे एक शब्द नव्हता, आणि माझ्यावर रागवायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"यंत्रावर आत्ता काय आहे?"

या वेळी ती आणखी जास्त थांबली. "दोन. आठ. एक."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ते दिसत नव्हतं, पण कळत होतं, जसं ऊन अंगावर आलेलं कळतं. मी तोंड होतं तसंच ठेवलं. फार अवघड काम आहे ते. भट्टीतून दात काढण्याहून अवघड.

"दोनशे एक्याऐंशी," मी म्हटलं. "ठीक आहे. मग सहा युनिटं." सहा वेळा कट्.

"आता तुझं ऑपरेशन नाही होणार?"

"होईल. उशिरा होईल."

"माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे."

"दोघींमुळे," ती म्हणाली. तिला वाटून घ्यायचं होतं. खाऊ वाटून घेते तसं.

"नाही बोळके. यातलं तुला काही मिळणार नाही. हे सगळं माझं."

तो संध्याकाळी आला तेव्हा आम्ही दोघी टेबलाशीच होतो. त्याने हत्यारांची पिशवी दारात ठेवली. एरवी तो आल्या आल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गमती सांगतो. आज तोंड धुवायला निघाला.

"बूट नको काढूस," मी म्हटलं. "तिथेच उभा राहा दारात."

"आता काय?"

"तुझं तोंड मला इथून दिसत नाही."

बहुतेक त्याला वाटलं, मी भांडण मिटवायला काही तरी लाडीगोडी लावते आहे.

"खरंच नाही दिसत. तू आहेस एवढं कळतं. निळा शर्ट असेल तर ते कळतं. डोळे, नाक, काही नाही."

एक पाऊल वाजलं. "इथून?"

"नाही."

अजून एक. "इथून?"

"नाही."

"बाबा, पुढे ये," लेक म्हणाली. "तिथून नाही दिसत तिला. अजून पुढे. टेबलाच्या अलीकडे." तिला अंतर पाठ होतं. तिने त्याला हाताला धरून आणलं आणि माझ्या गुडघ्याशी उभं केलं. "आता खाली वाक. हां. इथून दिसतं."

तो वाकला होता. दिसला मला. कपाळावर तेलाचा डाग, आणि डोळे असे, की न दिसले असते तर बरं.

"दुपारचा आकडा ती वाचते," मी म्हटलं. "पहिल्यापासून. मी मोठा आकडा ऐकून रडले, म्हणून ती शंभर कमी सांगायची. मला आज कळलं. तिथे मी खोटं बोलले."

तो जमिनीवर बसला. बराच वेळ बूट सोडत राहिला, एकच नाडी. मग एकदम मान वर केली.

"आणि रस्ता? रोज तिला घेऊन रस्ता ओलांडत होतीस?"

हाच प्रश्न. त्याच्यासाठीच मी वर्षभर सगळं झाकत आले होते.

"मी नाही," मी म्हटलं. "ती ओलांडायची मला घेऊन."

तो उठला, आत गेला, नळ सोडला. नळ खूप वेळ वाहत होता. लेक माझ्या बोटांशी खेळत राहिली, मधल्या बोटाची टोचलेली जागा चाचपत. तो परत आला तेव्हा आवाज बसलेला होता.

"लिफ्टमध्ये जास्त माणसं चढली ना, तर ती वरही जात नाही, खालीही येत नाही. नुसती ओरडत राहते," तो म्हणाला. "तुझी ओरडायची घंटा कोणी काढून ठेवली?"

"मीच."

"दिसतंच आहे." आणि मग लेकीकडे वळून, "बोळके, उद्यापासून तुझी नोकरी गेली."

"पगार तरी कुठे मिळत होता," ती म्हणाली.

मी हसले. त्याला हसू आलं नाही. त्या रात्री नाही आणि त्यानंतरचे बरेच दिवस नाही. मला माफ केलंस का, असं मी त्याला विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून काही सांगितलं नाही. त्याने दुपारची पाळी बदलून घेतली. साखरताईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी एक बोलणारं यंत्र मिळवून दिलं. थेंब लागला की त्यातली बाई सपाट आवाजात आकडा सांगते. दोनशे चौऱ्याण्णव असो नाहीतर एकशे दहा, तिला सगळं सारखंच. लेकीला ती बाई आवडत नाही. "हिला काहीच वाटत नाही," म्हणते.

काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. तू एका माणसाला वरचे दात ए-टू आणि खालचे ए-फोर दिले होतेस. मी रात्री बसून बदलले."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कवळी उचलून तोंडात बसवली. "तू म्हणालीस बोटं दुखतात. मला वाटलं, हिला तेवढं उजळ राहू दे."

तीन महिन्यांनी सरासरी सात पॉइंट सहा आली. त्या महिन्यांत डावा डोळा आणखी गेला, आता त्यात फक्त उजेड आणि अंधार. शंभर-शंभर कमी सांगितलेल्या त्या दुपारींनी त्यातलं किती नेलं, असं मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो आकडा मला नको होता, आणि लेकीला तर कधीच कळायला नको.

उजव्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर सगळं निळसर आणि धारदार दिसायला लागलं, भिंतीवरच्या तक्त्याचे कोपरेसुद्धा. पुढच्या सुट्टीत मी लेकीला घेऊन काकांच्या दातांच्या कारखान्यात गेले. काकांनी मला रंगाच्या टेबलावर बसवून बघितलं. "नेमबाज तरी कुठे दोन डोळे उघडे ठेवतो," म्हणाले. गोळ्या चालूच होत्या, इन्सुलिन चालूच होतं, सांधेही होते तसेच. पण ए-टू आणि ए-थ्री वेगळे होते.

लेकीने नमुन्याची पट्टी उचलून माझ्या हातात दिली आणि तोंड उघडलं. "माझे कुठले आहेत बघ."

वरचे दोन नवे दात पुरते आले होते. मोठे, कडेला करवतीसारखे. ते हिरडीतून पहिल्यांदा डोकावले तेव्हा मी तिच्या शेजारी बसून बोट टोचून घेत असणार. मला दिसले नव्हते. मी एकेक नमुना तिच्या दाताशी धरत गेले. दुधाचे दात शुभ्र असतात, कायमचे येतात ते जरा पिवळेच.

"सांग ना. खरं सांग."

"ए-टू," मी म्हटलं. "शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळे आहेत."

तिने आरसा घेतला, ओठ वर करून बघितलं, आणि बराच वेळ विचार केला.

"चालेल," म्हणाली.

मग मी तिला सहज विचारलं, गणिताच्या पेपरात किती मिळाले. आरसा खाली ठेवून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. आता मला ते बघणं दिसतं. ओठ उघडलेले, आणि आवाज अजून आलेला नाही. मी नमुन्याची पट्टी हातात धरून तशीच बसून राहिले, तोंड न हलवता, तिचा पहिला आकडा येईपर्यंत.